अंगठ्याएवढे पेले

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट घ्यायचा असतो, आणि त्यासाठी लागणारा द्राक्षरस गेली कित्येक वर्षं माझ्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात होतो. काळ्या मनुका शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, गार झाल्यावर हाताने कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायच्या. साखर चिमूटभरच. माझ्याआधी ज्या बाई हे काम करत त्यांचा रस सरबतासारखा गोड व्हायचा, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलेलं आहे. पुण्यात जन्म गेलाय, मत पोटात ठेवायची सवय नाही.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीवर मी आहे. कमिटीवर बाई म्हणून दोघीच, आणि बोलणारी मी एकटी. त्याआधी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नववीच्या वर्गात रोगांचा धडा आला की मी टेबलावर डस्टर आपटून सांगायचे, कुष्ठरोग शिवल्याने होत नाही, औषध सुरू झालं की त्या माणसापासून कोणालाही धोका राहत नाही, आणि बोटं झडलेली दिसली म्हणजे रोग अजून अंगात आहे असं मुळीच नाही. पेपरात कोणी ‘महारोगी’ लिहिलं तर त्या शब्दावर लाल रेघ मारून मी त्या प्रश्नाचे अर्धे गुण कापत असे. मुलं घाबरून पाठ करायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांना मराठीच्या बाई शिकवत असत. मी ती माझ्या विषयात शिकवायला हवी होती.

आमच्या मंडळीत येरवड्याहून एक काका येतात. दोन बस बदलून येतात, आणि तरी सगळ्यांच्या आधी येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलेले असतात. मूळचे परभणीकडचे. तरुणपणी कुष्ठरोग झाला, घरच्यांनी आणून एका मिशनच्या दवाखान्यात सोडलं, तिथे बरे झाले आणि तिथल्याच हातमागावर चादरी विणत त्यांनी नोकरी केली. बायको तिथलीच, ती वारली. मी कॉलेजात होते तेव्हाच त्यांचा रोग बरा झालेला आहे. दोन्ही हातांची बोटं मात्र गेली, अंगठे अर्धे राहिले. तबला-पेटीवर गीत सुरू व्हायच्या आधीच काका पहिली ओळ उचलतात, खड्या आवाजात, जरा वरच्या पट्टीत. पेटीवाले दर रविवारी वैतागतात आणि त्यांच्या पट्टीला पेटी जुळवून घेतात.

उपासना संपल्यावर आवारात चहा होतो, तेव्हा काका पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढतात. चांगला मोठा पेला, दोन्ही तळव्यांत दाबून धरतात आणि एक थेंब न सांडता पितात. पेला घरून का आणतात हे त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला वाटायचं, किती टापटिपीचा माणूस आहे.

आमच्याकडे प्रभुभोजनाला एकच प्याला असायचा. चांदीचा मुलामा दिलेला, बुडाशी चेपलेला. वेदीपुढच्या कठड्यापाशी दहा-बारा जण ओळीने गुडघे टेकायचे, पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, एकेकाच्या ओठांना प्याला लावायचे, पांढऱ्या रुमालाने कड पुसायचे, प्याला जरासा फिरवायचे आणि पुढच्याकडे जायचे. काका नेहमी शेवटच्या ओळीत, आणि त्या ओळीतही शेवटी. त्यांच्यानंतर उरलेला रस पाळकसाहेब स्वतः प्यायचे. आम्ही सगळे याला काकांची नम्रता म्हणायचो. दुसऱ्याच्या नम्रतेने आपली किती सोय होते हे माणूस सहसा बोलून दाखवत नाही.

मग कोरोना आला, चर्च बंद झालं, उपासना मोबाइलवर आली. पुन्हा दारं उघडली तोवर जुने पाळक निवृत्त झाले होते आणि नगरकडून एक नवे, पस्तिशीतले पाळकसाहेब आले होते. दोन वर्षांनी पहिलं प्रभुभोजन. मी शनिवारी रस गाळताना रडले होते, हे खरं आहे. आनंदाने रडले होते.

पहिली ओळ पंचांची. आम्ही कठड्याशी जाऊन गुडघे टेकले, आणि तेवढ्यात नवे पाळकसाहेब खाली उतरले, थेट शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि काकांचा हात धरून त्यांना पुढे घेऊन आले. काका म्हणत होते, “नगं साहेब, मी मागनं येतो की.” पाळकसाहेब म्हणाले, “काका, दोन वर्षं वाट पाहिलीत. आज पहिला मान तुमचा.” आणि त्यांनी काकांना ओळीच्या डाव्या टोकाला बसवलं. प्याला डावीकडून उजवीकडे जातो. काकांच्या उजव्या हाताला मी होते.

काका प्यायले. कड पुसली गेली, प्याला फिरला आणि माझ्यापुढे आला. चांदीवर ओलसर रेघ होती, की मला तसं वाटलं, आता सांगता येत नाही. मी ओठ घट्ट मिटले, प्याला ओठांना नुसता टेकू दिला, पाळकसाहेबांनी तो कलता केला तशी मानही मागे केली. रस ओठांपर्यंत आला आणि परत गेला. मी आमेन म्हणाले आणि बाकावर येऊन बसले.

कोरोनाची भीती होती म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण कोरोनाची भीती असती तर मी त्या दिवशी कठड्याशी गेलेच नसते. काकांच्या जागी आमचे खजिनदार असते तर मी घोटभर प्यायले असते, आणि खजिनदारांना तर बारा महिने खोकला असतो.

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक होती. मी विषय मांडला, की आता काळ बदलला आहे, वयस्कर मंडळी आहेत, तेव्हा एका प्याल्याऐवजी प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्यावा. सगळ्यांनी इतक्या चटकन माना हलवल्या की मला कळलं, हे माझ्या एकटीच्या मनात नव्हतं. काकांचं नाव कोणीही काढलं नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, अशी आमची सभ्य कमिटी आहे. फक्त पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, “बाई, एकच प्याला असण्याला काही अर्थ आहे.”

मी म्हणाले, “अर्थ आहेच साहेब. पण जंतूंना तो कळत नाही.”

सगळे हसले. पाळकसाहेब नवे होते, वयाने लहान होते, त्यांनी पुढचा विषय घेतला. त्या दिवशी घरी जाताना मी माझ्या वाक्यावर खूश होते, हेही लिहून टाकते.

पेले आणायलाही मीच गेले. रविवार पेठेत बोहरी आळीत काचेचे पेले मिळाले, अंगठ्याएवढे, घोटभर रस मावेल इतके. भोकं पाडलेला स्टीलचा ट्रे करून घेतला, एकेका भोकात एकेक पेला नीट बसेल असा. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवेत. मी म्हटलं, धार्मिक कामासाठी.

इथे मला माझ्या पणजोबांबद्दल लिहायला हवं. ते मी पाहिलेले नाहीत, वडिलांकडून ऐकलेले आहेत. गावात त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत. चहाच्या दुकानात त्यांच्यासाठी कान तुटलेली वेगळी कपबशी बाहेर खुंटीजवळ ठेवलेली असे, आपणच विसळायची आणि आपणच परत ठेवायची. ते ख्रिस्ती झाले त्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले. प्याला आधी गोऱ्या पाद्र्याने घेतला, मग एका ब्राह्मण घरातून आलेल्या शिक्षकाने, आणि त्यानंतर तोच प्याला पणजोबांकडे आला. त्यांना हात पुढे करवेना. त्यांना वाटलं आपली वेगळी कपबशी मागून येईल. वडील ही गोष्ट दर नाताळला जेवायच्या आधी सांगायचे, आणि दर वेळी त्यांचा आवाज तिथेच अडायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी बोहरी आळीत शंभर वेगळे पेले वर्तमानपत्रात गुंडाळून घेत होते, तेव्हा मला ही गोष्ट आठवली नाही. आठवली नाही म्हणजे मी ती आठवू दिली नाही.

पहिल्या रविवारी नवा ट्रे वेदीवर ठेवला. आता गुडघे टेकायचे नव्हते, एकेकाने पुढे यायचं, ट्रेमधून आपला पेला उचलायचा, प्यायचा आणि बाजूच्या परातीत ठेवायचा. ट्रे पाळकसाहेबांनी दोन्ही हातांत धरला होता, परात माझ्याकडे होती. रांग भराभर सरकली. लोक खूश दिसत होते. शेवटी काका आले.

त्यांनी दोन्ही तळवे ट्रेवर नेले. पेला काठापर्यंत भोकात बसलेला, वर जेमतेम नखाएवढी काच. ती चिमटीत धरायला चिमूट लागते. त्यांनी तळव्यांच्या कडांनी ती दाबून पाहिली, मग अर्ध्या अंगठ्यांनी. पाळकसाहेबांचे दोन्ही हात अडकलेले. काकांनी तिसऱ्यांदा जोर लावला तसा पेला वर आला, निसटला आणि कलंडला. रस त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, वेदीच्या कापडावर, ट्रेमध्ये.

“माफ करा,” काका म्हणाले आणि मागे वळले.

बाकांवर सगळ्यांनी एकाच वेळी गीतांची पुस्तकं उघडली. पाळकसाहेब ट्रे ठेवायला कोरडी जागा शोधत होते. माझ्या खांद्यावर रुमाल होता. मी परात खाली ठेवली, रुमाल घेतला आणि वेदीचं कापड पुसलं. डाग पडू नये म्हणून आधी टिपून घेतलं, मग ओल्या बोळ्याने पुसलं. काका चार पावलांवर ओल्या हातांनी उभे होते आणि मी कापड पुसत होते. मान वर केली तेव्हा ते आपल्या बाकाशी पोचले होते.

पुढच्या महिन्यात ते आले, पण बाकावरून उठले नाहीत. पाळकसाहेब स्वतः पेला घेऊन मागे गेले, काकांनी मान हलवून नको म्हटलं. त्यानंतर पहिल्या रविवारी त्यांनी येणंच सोडलं. बाकी रविवारी यायचे. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाले, बस मिळत नाही. पुण्याच्या बसवर कसलाही आळ घेतला तरी लोक विश्वास ठेवतात, पण फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी न मिळणारी बस मी तरी ऐकलेली नव्हती.

उपाय अवघड नव्हता. त्यांच्यासाठी एक मोठा पेला ठेवायचा, त्यांना धरता येईल असा. एवढंच. शनिवारी मनुका कुस्करताना मला ते दर वेळी सुचायचं. पण ते कमिटीत मांडायचं म्हणजे पेले मुळात का आणले हे कोणीतरी विचारणार, निदान मनात विचारणार. चार महिने एका म्हाताऱ्या माणसाला प्रभूच्या मेजावर जागा नव्हती, आणि ती जागा माझ्या एका वाक्याने मिळण्यासारखी होती. मी ते वाक्य बोलले नाही.

मग काकांच्या तळपायाला जखम झाली. पायाला संवेदना नसते, खडा टोचला तरी कळत नाही, तशी चिघळली. डॉक्टरांनी महिनाभर पाय खाली टेकायचा नाही म्हणून सांगितलं. आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायची आमच्यात पद्धत आहे आणि पाळकांबरोबर एका पंचाने जायचं असतं. पाळकसाहेबांचा फोन आला. “बाई, रस तुमच्या हातचा आहे, तुम्हीच चला.” त्यांच्याकडे एक छोटी लाकडी पेटी आहे, घरोघर न्यायची. त्यात भाकरीची डबी, रसाची बाटली आणि एकच प्याला.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी कोथरूडहून येरवड्याला निघाले. नदी ओलांडेपर्यंत मी एक वाक्य तयार केलं होतं. काका, त्या दिवशी तुमच्यानंतर मी प्यायले नाही, आणि पेले माझ्यामुळे आले, मला माफ करा. सिग्नलला थांबलो की मी ते मनात म्हणून बघायचे. पुलावर ते बरं वाटलं होतं. मला अगदी हलकं वाटलं होतं, माफी मिळाल्यासारखं.

काकांच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंनी पाळकसाहेबांना अडवलं. मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना हवी होती. ते म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी आलोच. मी एकटीच काकांच्या घरात शिरले. पुढची एक खोली, मागे एवढीशी मोरी. काका कॉटवर बसलेले, पाय उशीवर, पट्टी बांधलेला. मला पाहून एवढे आनंदले की मला खाली बघावं लागलं.

शेजारची सून चहा घेऊन आली. काकांनी तिला फळीकडे खूण केली. तिने कागदी ग्लासांचं नवंकोरं पाकीट काढलं, फोडलं आणि त्यातल्या एकात मला चहा ओतला.

“नवीन हायेत बाई,” काका म्हणाले. “चर्चचं कुणी आलं तर असावेत म्हणून आणून ठेवलेत.”

“कशाला काका, घरातला कप चालला असता,” मी म्हणाले, आणि कागदी ग्लास घेतला.

ती गेल्यावर काकांनी दाराकडे पाहिलं. “बाई, एक बोलायचं व्हतं. साहेब यायच्या आत बोलतो.”

मी ग्लास खाली ठेवला.

“त्या दिवशी साहेबांनी मला म्होरं बसवलं. मी नगं म्हणत व्हतो, तुमी ऐकलंच आसंल. तुमी प्याला नुसता टेकवला, घेतला न्हाई. मी बाजूलाच व्हतो, मला दिसलं. दोन वर्सानं प्रभुभोजन आलं आन् तुमचं माज्यापायी चुकलं. घरी आलो ते मला भाकर गोड लागली न्हाई.” ते थांबले. “म्हणूनच आता मी पहिल्या रविवारचा येत न्हाई. आधी म्हटलं, आता पेले येगळे झाले, आता कुणाची अडचण न्हाई. पर तितंबी मी सांडलं. मी नसलो म्हंजे समद्यांना नीट घेता येतं.”

मी खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलला. ‘चूक माझी’, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते इतके महिने माझ्यासाठी हळहळत होते, माझ्यावर रागावलेसुद्धा नव्हते. ते ऐकून माझं पुलावरचं वाक्य कुठे गेलं कोणास ठाऊक. आणि दारात पाळकसाहेब उभे होते, चपला काढत होते.

त्यांनी पेटी उघडली. स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला, भाकर ठेवली, प्याल्यात रस ओतला. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, या मेजाकडे येण्याआधी आपल्यात कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल, कोणाची माफी मागायची असेल, तर आत्ताच मागू या. एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. ही जागा आमच्या उपासनेत असतेच. चर्चमध्ये ती दोन श्वासांत संपते, कोणी काही बोलत नाही. इथे आम्ही तिघंच होतो आणि पाळकसाहेब वाट पाहत होते.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

काकांनी माझ्याकडे वळून दोन्ही तळवे जोडले. “बाई, माज्याकडनं चुकलं. पदरात घ्या.”

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. “काका, तुमचं काय चुकलं?”

“ते बाईंना ठावं हाय,” काका म्हणाले. त्यांनी माझं गुपित एका शब्दानेही फोडलं नाही.

पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. सगळं तिथे माझ्या पुढ्यात होतं. एवढी सोपी वेळ देव माणसाला पुन्हा देत नसावा. मला एवढंच म्हणायचं होतं की काकांचं काही चुकलेलं नाही. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोणाचं चुकलं, आणि हा तरुण मुलगा मला ‘बाई’ म्हणतो, माझ्या हातचा रस वेदीवर ठेवतो.

“असू दे काका,” मी म्हणाले. “मी माफ केलं.”

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला बघवलं नाही. पाळकसाहेबांनी भाकर मोडून दिली. मग प्याला उचलून ते कॉटकडे वळले तसं काकांनी मान हलवली आणि तळव्याने माझ्याकडे खूण केली. “आधी बाईंना.” पाळकसाहेबांना ते आदराचं वाटलं असावं. त्यांनी प्याला माझ्या ओठांना लावला. माझ्याआधी त्याला कोणी तोंड लावलेलं नव्हतं. मी चांगला घोटभर प्यायले. रस गोड झाला होता, मनुका त्या खेपेला चांगल्या मिळाल्या होत्या. माझ्यानंतर काकांनी घेतला, चार महिन्यांनी, डोळे मिटून, आणि आमेन इतकं खणखणीत म्हणाले की शेजारची सून डोकावून गेली.

परतताना पुलाच्या अलीकडे सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा पाळकसाहेब मान जराशी वळवून म्हणाले, “तुमच्या दोघांत काय झालं होतं ते मी विचारत नाही. पण तुमचं मन मोठं आहे हं, बाई.”

“वय झालंय त्यांचं,” मी म्हणाले. “होतं एखाद्याकडून असं.”